डोकं खाजलं का गं?

काकूंनी माझी वेणी कंगव्याच्या दांडीने वर उचलली.

हाताने नाही. भांग पाडायचा कंगवा असतो ना, मागे लांब टोक असलेला, त्या टोकाने. मेलेली पाल काडीने उचलतात तशी. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बरकतपुऱ्यातलं काकूंचं घर, हॉल बायकांनी भरलेला, सगळ्या काळ्या साड्यांत. मी मधोमध ताट घेऊन उभी. ताटात वाण. त्या वर्षी काकूंनी वाण म्हणून त्यांच्या घरी बनणाऱ्या शांपूच्या छोट्या बाटल्या द्यायचं ठरवलं होतं. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात पिवळी फीत. फिती मीच बांधल्या होत्या, आदल्या दिवशी बसून.

"हे बघा," काकू म्हणाल्या, "असे केस. या लोकांच्यात निगा राखायची पद्धतच नाही. आता हिलाच मी आपला शांपू लावायला देते. फरक पडला की दाखवते तुम्हाला."

एक बाई मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. दुसरी म्हणाली, "अगंबाई, किती विरळ." हसलं कुणी नाही, खोटं कशाला सांगू? हसल्या असत्या तर मला राग तरी आला असता. त्यांनी तोंडं वाकडी केली, चक्‌ चक्‌ केलं. माझे दोन्ही हात ताटाला. वेणी सोडवून घ्यायची तर ताट टाकावं लागलं असतं. ताट टाकायचं मला सुचलंच नाही. मी ताट सांभाळत राहिले.

मग कुंकू. काकू एकेकीला बोटाने लावत आल्या. मी पण सवाष्ण आहे, नवरा जिवंत आहे माझा, धडधाकट. माझ्यापुढे आल्या, करंडा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताट ठेव आणि पाण्याचं बघ जरा."

मी पाण्याचं बघितलं.

आता मी कोण ते सांगते. आमचं मूळ नांदेडकडचं. माझा आजा पोट भरायला इथं हैदराबादला आला, काचीगुडा स्टेशनवर ओझी उचलली. मी इथंच जन्मले. शाळा तेलुगु, गल्लीत बोलणं दख्खनी, घरात मराठी. मराठी वाचायला मला आजही जड जातं. बोलायला नाही जात. तोंड माझं आधीपासूनच चालतं, फक्त काकूंच्या घरात ते बंद असायचं.

काकूंचं घर सरकारी नोकरीतल्या माणसांचं. सासरे जुन्या काळात मोठे अंमलदार होते म्हणे, काका वकील. कामाला घेताना काकूंनी मला जात विचारली नाही. तशा शिकलेल्या आहेत. आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बरं बरं," म्हणाल्या. त्या दोन 'बरं'च्या मधे थोडा वेळ गेला, तेवढ्यात त्यांचं सगळं कळून झालं. मग हसल्या आणि म्हणाल्या, "चला, आपली मराठी पोरगी मिळाली." मला केवढं बरं वाटलं होतं. हैदराबादेत कुणी आपली म्हटलं की आमच्यासारखी माणसं लगेच विरघळतात.

काम शांपूचं होतं. शिकेकाई, रिठे, आवळा, मेथ्या रात्री भिजत घालायच्या. सकाळी उकळायच्या, हाताने कुस्करायच्या, जुन्या लुगड्यातून गाळायच्या. सगळं मीच. माझे हात कोपरापर्यंत त्यात. बायकांना मात्र काकू सांगायच्या, "मी स्वतः हाताने करते." गिऱ्हाईक आलं की मला मागे गच्चीवर पाठवायच्या, रिठे वाळत घातलेत ते बघ म्हणून. रिठे कुठं पळून जाणार होते?

गाळून झालं की काकू म्हणायच्या, "पुढचं मी बघते." दार लोटून घ्यायच्या. आत एक पांढरा कॅन असायचा, अफझलगंजच्या बाजारातून काकांचा ड्रायव्हर आणायचा. त्यात फेस आणणारं काहीतरी होतं, घट्ट, चिकचिकीत. नुसत्या रिठ्याचा फेस बायकांना पुरत नाही, त्यांना टीव्हीत दिसतो तसा पाहिजे. किती घालायच्या, आणखी काय घालायच्या, मला माहीत नाही. आजही नाही. बाहेर आल्या की बाटलीला दुकानातला वास यायचा आणि काकू बायकांना सांगायच्या, एक थेंब केमिकल नाही.

नवीन घाणा निघाला की पहिली बाटली मला. "घे, तुझ्या केसांना लाव. घरचं आहे." माझे केस तेव्हा कमरेखाली होते. आई गेली तेव्हा दागिना नाही ठेवला तिने मला, केस ठेवले. तिचेच होते ते, तसेच जाड, तसेच काळे. लग्नात सासू पहिल्यांदा बोलायचं म्हणून काही बोलली असेल तर केसांवर बोलली. तर ते केस घेऊन मी काकूंची बाटली लावायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले की चप्पल काढायच्या आत काकू विचारायच्या.

"डोकं खाजलं का गं?"

किती मायेनं विचारायच्या. मी गल्लीत सांगत फिरायची. आमच्या काकू असं विचारतात, तसं विचारतात. नळावरच्या बायकांच्या मालकिणी त्यांना नाव घेऊनसुद्धा हाक मारत नव्हत्या, आणि माझी मालकीण माझ्या डोक्याची चौकशी करते! मला मिरवायला काहीतरी मिळालं होतं. आणि म्हणून मी म्हणायची, "नाही काकू. छान वाटलं."

खाजायचं. चुरचुरायचं. कधी कधी कानामागे आग व्हायची. पण एवढ्या मायेनं कुणी फुकट दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची का? आमच्यात नाही ठेवत. दिलं ते छान म्हणायचं, ही आम्हाला लहानपणापासूनची सवय. काकूंना वाईट वाटेल म्हणून मी खोटं बोलायची. काकूंना!

केस जायला लागले. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग भाकरीत. नवरा एकदा घासातून केस काढत म्हणाला, "बोअरचं पाणी खारट आहे, त्यानं होतंय." मी पाण्यावर संशय घेतला. नळाचं पाणी भरून आणून डोकं धुतलं. जात राहिले. मग तेलावर संशय घेतला, तेल बदललं. मग शेजारणीच्या नजरेवर. तिने एकदा माझी वेणी हातात घेऊन म्हटलं होतं, "क्या बाल है गे तेरे." बिचारीशी मी महिनाभर बोलले नाही. जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला, काकूंवर नाही. उलट केस गळतायत म्हणून शांपू जास्तच लावायला लागले.

मग काकूंचं विचारणं बदललं. माझ्या 'नाही'वर त्यांचा विश्वास राहिला नसावा. म्हणाल्या, "बस बघू उजेडात." खिडकीच्या खिळ्याला एक कंगवा टांगला होता, तो खास माझ्यासाठी. त्याच्या टोकाने केस बाजूला करून लांबूनच बघायच्या. चष्मा सावरून. "इथे लाल झालंय थोडं," म्हणायच्या, स्वतःशीच. मग आत जाऊन दार लोटायच्या.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई माझं डोकं बघतेय की आणखी काही? वाटलं आणि मीच स्वतःला रागावले. चांगल्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे काय! पण एकदा संशय मनात शिरला की तो घरभर फिरतो. मी बघायला लागले. काकू जवळून गेल्या की नाक लावायची. त्यांच्या केसांना आमच्या शांपूचा वास कधीच नाही आला. सुनेच्या केसांना नाही. कचरा टाकायला मीच न्यायची. पिशवीची गाठ सोडून बघितली. कंपनीच्या शांपूची रिकामी बाटली, चांगली महागातली. पुढे आणखी एक निघाली. घरातल्या न्हाणीघरात मला जायची परवानगी नव्हती, पण न्हाणीघराचा कचरा मात्र माझ्याच हातात यायचा.

तरी मी म्हटलं, असेल बाबा, मोठ्या लोकांचं काही असेल.

मग ते हळदीकुंकू झालं. दांडीने वेणी उचलली ती त्या दिवशी.

मी मागे मोरीपाशी येऊन ग्लास विसळत होते. रडत नव्हते. ग्लास एकमेकांवर वाजत होते. स्वयंपाकाच्या पद्मा अक्का बाहेर आल्या. तेलुगु बाई, वरच्या जातीतली, चुलीपर्यंत आणि देवघरापर्यंत जाणारी. त्या आपल्याच रागात. आत सगळ्यांना वाण दिलं, यांना नाही दिलं. मला म्हणाल्या, तुला तर दर वेळेला पहिली बाटली मिळते, मला मेलीला एक नाही. मी मागितली होती काकूंना.

"मग काय म्हणाल्या?"

अक्का पदराला हात पुसत म्हणाल्या, "बोले, तुम ठैरो. पैले उसके सर पो क्या होता देखेंगे."

माझ्या हातातला ग्लास फुटला नाही, काही नाही. मी तो विसळून पालथा घातला. मग पुढचा घेतला. पण माझ्या डोक्यात एकेक दिवस मागे जायला लागला. काकू रोज विचारायच्या नाहीत. कधीच रोज नाही. नवीन घाणा असला की त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारायच्या. ताप आला होता मला, आठवडाभर गेले नव्हते, परत आले तेव्हा ताप कसा आहे असं कुणी विचारलं नाही. विचारलं ते हेच, खाजलं का. मी घरी नेलेली बाटली लावली होती का, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

मी ज्याला माया म्हणत होते ती चाचणी होती. आणि ती मी गल्लीभर मिरवली होती. त्याची मला जी लाज वाटली तिच्यापुढे हॉलमधली काहीच नाही.

त्याच दिवशी काम सोडायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणायला काय जातं? घरभाडं होतं, नवऱ्याचं काम बंद होतं. मी जात राहिले. फक्त बाटली लावणं बंद केलं. मोरीत ओतून टाकायची. विचारलं की म्हणायची, नाही काकू, छान वाटलं. आता हे खोटं बोलताना मला मजा यायची. पण केस काही थांबले नाहीत. सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाला, कातडी पोळलीय, मुळं दुखावलीत, काहीही लावू नको. कशानं ते बाटली तपासल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाला.

मग काकूंनी सोनीला मागितलं.

सोनी माझी लेक. सहा वर्षांची. केस आजीवर गेलेत, माझ्या आईवर. काकू म्हणाल्या, "रविवारी तिला घेऊन ये. लहान मुलांचा शांपू काढतेय, डोळ्याला न झोंबणारा. तिचा व्हिडिओ करू, गोड दिसेल. तिला फ्रॉक देईन."

मी घेऊन गेले. हौ, घेऊन गेले. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. मला बघायचं होतं. माझा संशय खोटा निघावा असंही आत कुठंतरी वाटत होतं, एवढी वर्षं आपली म्हणून घेतलं होतं ना त्यांनी.

अंगणातल्या नळाखाली पाट ठेवला होता. समोर मोबाइल, तीन पायांच्या स्टँडवर. सोनी नवीन फ्रॉक घालून पाटावर बसली, खुशीत. काकूंच्या हातात बाटली, वर काही लिहिलेलं नव्हतं. पायरीवर काकूंची नात मनू बसली होती, सोनीच्याच वयाची, केसांना क्लिपा लावून मोबाइलवर काही बघत. काकू सोनीला म्हणाल्या, "फेस खाली आला तरी डोळे मिटायचे नाहीत हं बाळा. उघडे ठेवायचे आणि हसायचं."

सोनीने मान डोलावली. आणि डोळे मोठ्ठे करून दाखवले.

तिचे ते डोळे बघितले आणि माझ्या अंगातलं सगळं एका जागी आलं. मी काकूंचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हात लावला होता. त्यांनी हाताकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

मी म्हटलं, "मनूला बसवा ना काकू. तिचा व्हिडिओ जास्त छान येईल."

"अगं, मनू नाजूक आहे," काकू म्हणाल्या. "तिला काही झालं म्हणजे?"

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. सून दारात उभी होती, ती आत निघून गेली. नळ गळत होता.

"आणि हिला झालं म्हणजे?" मी विचारलं.

"तसं नाही गं. तुमच्या मुलांना सवय असते उन्हातान्हाची..."

मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. थोडं माझ्या तळहातावर ओतलं. हात त्यांच्या डोक्याजवळ नेला. मारायला नाही. अगदी हळू, आपण एखाद्याला तेल लावताना नेतो तसा. म्हटलं, "तुम्ही लावा, काकू. बोटभर. आत्ता, माझ्यासमोर. मग मी सोनीला लावते."

काकू मागे सरकल्या. एक हात अंबाड्यावर, दुसरा भिंतीला. मागे कुंडी होती, ती पडली. त्यांच्या तोंडावर भीती होती. मी त्यांच्या तोंडावर कधीच भीती बघितली नव्हती. एवढीशी बोटभर गोष्ट, आणि बाई भिंतीला चिकटली. मला दुसरा कुठला पुरावा नको होता. डॉक्टर तपासो न तपासो.

"तुला घरातलं मानलं त्याची ही फळं," त्या म्हणाल्या, आवाज चढवून. "आजपासून येऊ नकोस."

मी तळहात नळाखाली धरला. चोळून चोळून धुतला. सोनीच्या अंगावरून तो फ्रॉक काढला, तिचा जुना घातला. ती रडायला लागली, तिला फ्रॉक पाहिजे होता. मला तिची समजूत काढता आली नाही. रडणारीला कडेवर घेतली आणि तशीच काचीगुड्यापर्यंत चालत आले. रस्ताभर ती मला मारत होती. मारू दिलं.

हातात काम नाही. दोन घरी विचारलं, काकूंचा फोन माझ्याआधी पोचला होता. म्हणे मी हातातलं हिसकावते, मालकिणीच्या अंगावर जाते. जाते तर जाते. आता एका शिलाईच्या कारखान्यात बटणं लावते, अफझलगंजाकडे. तिथं मालकाने पहिल्या दिवशी चहा पाजला. मी आधी तो स्वतः पितो का ते बघितलं. हसा. मला कुणाचं फुकटचं आता गोड लागत नाही, आणि ते लागावं असं वाटतही नाही.

केस परत आले नाहीत. येतील म्हणून वाट बघितली. मग जे टाळूवर चिकटून राहिले होते तेही काढून टाकले, न्हाव्याकडे बसून, सगळे. न्हावी दोनदा विचारून घेत होता. गल्लीतल्या तेलुगु बायका हात जोडून विचारतात, "तिरुपती पोयोच्चिनवा?" तिरुपतीला जाऊन आलीस का, नवस होता का. इथं बाईचं डोकं तासलेलं दिसलं की देवाला दिलं असंच समजतात. मी सुरुवातीला मान हलवायची. सोपं पडायचं. पाया पडायच्या माझ्या, प्रसाद मागायच्या.

परवा रेखा भेटली. आमच्या मागच्या गल्लीतली, नवीन लग्न झालेली, आमच्यातलीच. केस मांड्यांपर्यंत. तिच्या हातात बाटली. बरकतपुऱ्याला काकूंकडे लागलीय म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, नळावर उभं राहून, पहिल्यापासून. तिने ऐकून घेतलं. मग बाटली पदराखाली घेत म्हणाली, "ताई, तुमचं पटलं नाही म्हणून माझंही मोडायचं का?"

तिचा राग नाही आला. तिच्या जागी मी होते तर मीही हेच म्हटलं असतं. तिला कुणीतरी आपली म्हटलंय. आता तिला मी सांगून पटणार नाही. एका गल्लीत एकेकीला सांगत बसून भागणारही नाही, उद्या तिच्यानंतर आणखी एक लागेल. बाटल्या घेणाऱ्या बायकांना कळलं पाहिजे की त्यांच्या डोक्याला लागायच्या आधी हे कुणाच्या डोक्याला लागतं.

शनिवारी संध्याकाळी बायका बाटल्या न्यायला काकूंच्या घरी येतात. गेटच्या आतलं काकूंचं. गेटच्या बाहेर रस्ता आहे, तो कुणाच्या सासऱ्यांनी बांधलेला नाही. मी तिथं उभी राहणार आहे. या शनिवारी, पुढच्या, त्याच्या पुढच्या. नवरा म्हणतो, पोलीस बोलावतील. बोलवू देत, त्यांनाही सांगीन. डोक्यावर पदर घेणार नाही. बायका गाड्यांतून उतरतील, माझ्याकडे बघतील, हात जोडून तिरुपती का म्हणून विचारतील.

मी म्हणणार, नाही. बरकतपुरा. हेच घर.